मागून ठोकलं, वर चिठ्ठीही लिहून घेतली

वाचकांचे प्रश्न : गाडी, विमा, अपघात
उत्तरं : जळगावचे एक निवृत्त विमा सर्व्हेअर

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. पंधरवड्यापूर्वी सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायला जळगावला निघाले होते. गाडी मीच चालवत होते. धानोऱ्याच्या पुढे मेंढ्यांचा कळप आडवा आला म्हणून थांबले, तोच केळीचे कॅरेट भरलेला पिकअप मागून आदळला. डिकी आत गेली, मागची काच फुटली, बंपर लोंबायला लागला. लोक जमले. पहिला प्रश्न, ‘गाडी कोण चालवत होतं?’ मी म्हटल्यावर सगळ्यांना जणू उत्तरच सापडलं. पिकअपवालाही लगेच म्हणाला, ‘बाईंनी अचानक ब्रेक मारला.’ शेवटी दोन वडीलधाऱ्यांनी ‘जाऊ द्या भो, आपसमां मिटाडी ल्या’ म्हणत त्याच्याकडून पाच हजार घेऊन माझ्या हातात ठेवले आणि ‘आमची एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही’ असं वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. आता गॅरेजवाला ४८ हजारांचं एस्टिमेट देतो आहे. पिकअपवाल्याचा फोन बंद. सासूबाईंची मान दुसऱ्या दिवसापासून आखडली आहे. विमा फर्स्ट पार्टी आहे, गाडी साडेचार वर्षांची, आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. चूक त्याची असताना मी माझ्या विम्यातून का घ्यायचं? आणि आता पोलिसांत गेले तर उशीर झाला म्हणतील का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, गाडी दोन दिवस थांबेल, मान थांबणार नाही. आधी सासूबाईंना चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या आणि केसपेपर काढतानाच सांगा, की अमुक तारखेला, अमुक ठिकाणी गाडीला मागून धडक बसली, तेव्हापासूनचं हे दुखणं आहे. डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद करतील. खासगी दवाखान्यात गोळ्या घेऊन आला असाल तर ती चिठ्ठी, बिलं, एक्स-रे सगळं सोबत न्या. मागून धडक बसल्यावर मानेला झटका बसतो आणि दुखणं बऱ्याचदा त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. डॉक्टरांना हे नवीन नाही. पण कागदावर ‘मानदुखी’ एवढंच राहिलं तर उद्या समोरचा वकील म्हणेल, म्हातारपणाची मान आहे, दुखणारच.

तिथून पोलीस ठाण्यात. उशीर झाला हे खरं, पण उशिरामुळे गुन्हा नोंदवता येत नाही असं नाही. अर्ज लेखी द्या आणि उशिराचं कारण त्यातच लिहा : जागेवर लोकांनी तडजोड करायला लावली, नंतर फोन बंद झाला, दुखणं नंतर वाढलं. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे म्हणून परत पाठवू लागले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ नम्रपणे सांगा. कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, ती मग हद्दीच्या ठाण्याकडे जाते. निष्काळजीपणे गाडी हाकणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली येतं, त्यातून इजा झाली तर कलम १२५ खाली. नुसता पत्रा दबला असेल तर ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद करून मोकळे होतात. माणसाला इजा आहे म्हटल्यावर तेवढ्यावर भागत नाही, म्हणून दवाखाना आधी सांगितला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. एफआयआरची नक्कल फुकट मिळते. घेतलाच नाही अर्ज, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने जळगावला पोलीस अधीक्षकांना पाठवा.

अपघातात कोणाला इजा झाली असेल तर लवकरात लवकर आणि फार तर २४ तासांत पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचं कामच आहे. हे दोन्ही चालकांना लागू आहे. तुम्ही कळवलं नाही, त्यानेही कळवलं नाही. त्याचा बाऊ करू नका, पण पुढच्या वेळी गर्दीने कितीही आग्रह केला तरी ११२ ला फोन आधी करायचा.

आता ती चिठ्ठी. तिने तुमचं नुकसान झालं असं तुम्हाला वाटतंय, मला उलट वाटतं. त्या पानावर गाडी नंबर आणि पाच हजारांचा उल्लेख आहे का बघा. असेल तर त्या दिवशी, त्या जागी तो पिकअप होता आणि त्याने पैसे दिले, हे त्यानेच सही करून लिहून दिलेलं आहे. आयता पुरावा. ‘तक्रार नाही’ या ओळीने सासूबाईंचा हक्क तर मुळीच जात नाही, त्यांची सहीच नाही तिथे. ते पाच हजार लपवू नका. पोलिसांच्या अर्जात, विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये, दोन्हीकडे सरळ लिहा. पुढे भरपाई ठरली तर त्यातून वजा होतील इतकंच. कंपनीला न विचारता परस्पर तडजोड करू नये अशी अट प्रत्येक पॉलिसीत बारीक अक्षरात असते, त्यामुळे सर्व्हेअर नाक मुरडेल. मुरडू द्या. लपवलेलं नंतर सापडलं तर मात्र क्लेमच अडकतो.

मेंढ्यांचं महत्त्व तुमच्या पत्रात एका ओळीत संपलं आहे, ते तसं संपू देऊ नका. मागून येणाऱ्याने अंतर राखायचं, हा नियम खरा. म्हणून ‘मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याचीच’ असं सगळे धरून चालतात. पण २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात, महामार्गावर कोणताही इशारा न देता अचानक ब्रेक मारणाऱ्या कारचालकाला ५० टक्के जबाबदार धरलं. पिकअपवाल्याचं ‘बाईंनी अचानक ब्रेक मारला’ हे वाक्य नेमकं तिथेच जाणार. तुम्ही कारणाशिवाय थांबला नव्हता, रस्त्यावर कळप होता. त्या मेंढपाळाला शोधा. दुसऱ्या तालुक्यात गेला असला तरी त्या टापूत कळप घेऊन कोण होतं हे जवळच्या शेतकऱ्यांना ठाऊक असतं, खतासाठी शेतात कळप बसवायला त्यांनीच सांगितलेलं असतं. त्याचा जबाब तपासी अंमलदाराने घेतला तर अर्धं काम झालं. गाडी कोण चालवत होतं, बाई की बाप्या, याला कागदावर शून्य किंमत आहे. लायसन्स चालू होतं का, एवढंच विचारतात.

तुमची गाडी स्वतःही थोडं बोलते. आम्ही सर्व्हेअर लोक धडकलेली गाडी बघताना पत्रा किती दबला यापेक्षा किती उंचीवर दबला हे आधी बघतो. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं. पिकअपवाल्याने ब्रेक दाबला असता तर त्याचा बंपर खाली झुकून तुमच्या बंपरवर, नाहीतर त्याच्याही खाली लागला असता. तुमची डिकी आणि काच गेली म्हणजे मार वर बसला आहे. एवढ्यावर शपथ घेता येत नाही, कारण पिकअप मुळातच उंच असतो आणि मालाने मागे दबला की पुढून आणखी उचलला जातो. पण त्याने ब्रेक मारलाच नाही, बघत नव्हता, या म्हणण्याला जोर येतो. म्हणून डिकी ठोकून सरळ करू नका. दोरीने बांधून ठेवली असेल तर तशीच राहू द्या आणि मोजपट्टी जमिनीपासून उभी धरून फोटो काढा.

रस्त्यावरचा पुरावा मात्र तुमच्या बाबतीत गेला. इतरांसाठी सांगतो. धडकेच्या क्षणी मडगार्डच्या आत वाळून बसलेला चिखल सुटून खाली पडतो. काच उडून दूर जाते, गाड्या पुढे ढकलल्या जातात, पण काळ्या मातीच्या त्या खपल्या धडकेच्या जागेजवळच पडून राहतात. कोण कुठल्या बाजूला होतं, हे त्या खपल्यांवरून कळतं. पुढच्या दोन-चार ट्रकांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होतो. म्हणून गाड्या बाजूला घेण्याआधी फोटो हवेत : एक लांबून, ज्यात मैलाचा दगड किंवा ओळखीचं झाड दिसेल, मग माती, काच, टायरचे काळे पट्टे, मग दोन्ही नंबरप्लेट. लोक फक्त स्वतःच्या दबलेल्या पत्र्याचा फोटो काढतात. तो तर गाडी गॅरेजात गेल्यावरही निघतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न : चूक त्याची, मग माझ्या विम्यातून का? कारण आपल्याकडे त्याची विमा कंपनी तुमच्या गॅरेजवाल्याला चेक देत नाही. त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून वस्तूच्या नुकसानीचे पैसे मिळतात, चारचाकीच्या पॉलिसीत साधारण साडेसात लाखांपर्यंतची सोय असते, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे लोक ज्याला ‘क्लेमचं कोर्ट’ म्हणतात तिथे अर्ज टाकावा लागतो. वकील, तारखा, साक्ष. ४८ हजारांच्या डिकीसाठी गाडी तोवर दोरीने बांधून फिरवणार का?

त्यापेक्षा हिशेब करू. तुमच्या गाडीचं वय चार ते पाच वर्षांत बसतं, तिथे पत्र्याच्या भागांवर ३५ टक्के घसारा (जुनेपणाची घट) कापतात, प्लॅस्टिक आणि रबरावर ५० टक्के, काचेवर काही नाही. समजा एस्टिमेटमध्ये डिकीचा दरवाजा १६ हजार, बंपर ९, टेललॅम्प ४, काच ७ आणि मजुरी १२ हजार आहे. दरवाजाचे १०,४०० मिळतील, बंपरचे ४,५००, लॅम्पचे २,०००, काच आणि मजुरी पूर्ण. एकूण ३५,९००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हातात ३४,९००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, घेतलं असेल तर जवळपास सगळेच. रंगाच्या मालावरही घसारा लागतो, म्हणून पाचशे-हजार इकडे तिकडे होतील.

आणि गमावणार काय? नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत. चार वर्षं क्लेम नाही म्हणजे तुम्ही आज ४५ टक्क्यांवर आहात, पुढच्या वर्षी ५० झाले असते. क्लेम घेतला की शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढायचं. गाडीच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी ८,००० धरला तर पाच नूतनीकरणांत मिळून फरक होतो १०,००० रुपये. मिळणारे ३४,९००, जाणारे १०,०००. घ्या क्लेम. हेच एस्टिमेट १२ हजारांचं असतं तर मी म्हटलं असतं, खिशातून करा आणि बोनस सांभाळा. मान ताठ ठेवून ‘चूक त्याची, मी का?’ म्हणत बसलेले लोक मी खूप पाहिलेत. त्यांच्या गाड्या शेडमध्ये गंजल्या.

कंपनीला आजच कळवा, टोल फ्री नंबरवर आणि ईमेलवरही. उशिराचं कारण खरं आणि पटणारं असेल तर केवळ उशीर झाला म्हणून क्लेम नाकारू नये असं विमा नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना बजावलेलं आहे. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका, जुने भाग फेकू देऊ नका. तरीही तुमच्याच कंपनीने नाकारलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या भागाचं कार्यालय पुण्याला आहे, फी नाही, वकील लागत नाही.

सासूबाईंच्या मानेचं मात्र पिकअपच्या विम्यातूनच घ्यायचं, आणि कापलेला घसारा, वजावट, हेही त्याच अर्जात मागता येतं. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत, राहिलेले मिळतात. पिकअपचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका, विमा कधीपर्यंत चालू आहे ते दिसेल. पोलिसांनी गुन्हा नोंदवला की खबर मिळाल्यापासून ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, असे २०२२ पासूनचे नियम आहेत. हे झालं की नाही, याची विचारपूस करत राहा. दावा अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा समोरचा राहतो तिथल्या न्यायाधिकरणात टाकता येतो, म्हणजे पिकअपवाला परजिल्ह्यातला निघाला तरी त्याच्या गावाला खेटे घालायची गरज नाही. मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

प्रश्न : मुलगा कॉलेजातून मोटारसायकलने येताना प्रकाशा रस्त्यावर उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. रात्रीची वेळ, ट्रॉलीला दिवा नाही, रेडियम नाही. पायात रॉड टाकला आहे. सगळे म्हणतात मागून धडकला म्हणजे चूक तुमच्याच पोराची, क्लेम मिळणार नाही.
— एक पालक, शहादा तालुका

उत्तर : दादा, सगळ्यांचं ऐकू नका. अंधारात, दिव्याविना, रस्त्यावर ट्रॉली उभी करणं ही चूकच आहे. मुलाच्या वेगाचा किंवा हेल्मेट नसल्याचा मुद्दा निघाला तर न्यायाधिकरण चूक वाटून देतं, त्याच्या वाट्याचे टक्के कापतं, बाकीचं मिळतं. ‘काहीच नाही’ असं सहसा होत नाही.

अडचण पुराव्याची आहे. गाळप हंगामात हे नेहमीचं : रात्री अपघात होतो, सकाळी त्याच ट्रॉलीला नवीन कोरं रेडियम चिकटलेलं असतं. घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल काढा आणि ‘ट्रॉलीस मागील बाजूस दिवा वा परावर्तक नाही’ असं वाक्य त्यात आहे का बघा. नसेल तर मुलाला उचलणाऱ्यांचे जबाब त्या मुद्द्यावर घ्यायला लावा, कोणाच्या मोबाइलमध्ये त्या रात्रीचा फोटो असेल तर तो मागून घ्या.

दुसरं, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचे कागद वेगवेगळे मागा. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा बऱ्याचदा नसतो. शिवाय पॉलिसी शेतीकामाची आणि ऊस भाड्याने वाहत होते, असा वाद कंपनी घालतेच. घाबरू नका. अशा प्रकरणांत ‘कंपनीने आधी पैसे भरावेत, मग मालकाकडून वसूल करावेत’ असे आदेश पुष्कळदा होतात.

तिसरं फार जपून. गंभीर दुखापतीला, चूक कोणाची हे सिद्ध न करता, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख मिळतात. कोणी ते देऊ करून सही मागितली तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. ते स्वीकारलं की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. पायात रॉड असलेल्या पोराचं पुढचं ऑपरेशन, कायमचं अपंगत्व, बुडालेलं वर्ष, या सगळ्याचा हिशेब १६६ मध्ये होतो. जखम भरली, की अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयातून घ्या.

आणि इतर वाचकांसाठी : ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. चूक कोणाची हे त्यासाठी बघत नाहीत. दाखल करतानाच विचारा.

प्रश्न : भावाला साक्रीजवळ अज्ञात वाहनाने उडवलं, तो जागीच गेला. वाहन सापडलं नाही. काही मिळेल का?
— एक वाचक, धुळे जिल्हा

उत्तर : मिळेल. वाहन न सापडलेल्या अपघातात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली. हे कोर्टात नाही, महसूल खात्यात मिळतं. प्रांत किंवा तहसीलदार चौकशी अधिकारी असतात, अर्ज त्यांच्याकडे. सोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, वारसांचे कागद आणि बँक पासबुक. चौकशी अहवाल महिन्याभरात आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी त्यानंतर पंधरा दिवसांत, असा २०२२ च्या योजनेचा क्रम आहे. महिन्यात वाहनाचा तपास लागला नाही तर पोलिसांनीच वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं आहे. तुम्हाला दिली नसेल तर अर्जात तसं लिहा, मात्र अर्ज त्यासाठी थांबवू नका. वाहन नंतर सापडलं तर नेहमीचा दावा करता येतो, तेव्हा हे पैसे त्यातून वळते होतात.

प्रश्न : डॅशकॅमचं रेकॉर्डिंग चालतं का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : चालतं. पण व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप नव्हे, मूळ कार्ड. साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यावर कॅमेरा वापरणाऱ्याची आणि तज्ज्ञाची सही लागते, मसुदा वकील करून देतात. अपघात झाला की कॅमेरा बंद करा, नाहीतर जुन्यावर नवीन चढतं. कार्ड काढून घ्या, कॅमेऱ्यात दुसरं टाका आणि पहिलं तपासी अंमलदाराला पंचनामा करूनच द्या.